बारागाड्यांचा पहिला हिसका

आमच्या गावात देवीच्या यात्रेला बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत निम्मं गाव चढून बसतं आणि एकच माणूस त्या ओढतो. पहिला हिसका गाड्यांकडे तोंड करून द्यायचा. चाकं हलली की वळून पळायचं. दोन्ही बाजूंना त्याची कंबर धरून दोन बगले असतात. हा मान माझ्या काकांचा, सगळ्यांच्या नानांचा. नाना दिवाळीनंतर वारले, दोर माझ्या हाती आला. गाड्या हलल्या नाहीत तर मान दुसऱ्या घरात जातो.

मी धुळ्याला देवपुरात जिम लावली. दंड असे फुगवले की सदऱ्यांच्या बाह्या उसवून उसवून आमच्या शिंप्याने घरावर दुसरा मजला चढवला! पण तिथले सर काही खूश नव्हते. "भाऊ, दंड फक्त कोपर वाकवतो. आधी खांद्यांची पाती मागे, मणक्याकडे घ्या. मग काखेखालून कमरेपर्यंत पसरलेला स्नायू हात अंगाशी खेचतो."

नानाही अंगणात हेच सांगायचे, माझ्या दोन पात्यांच्या मधोमध दोन बोटं रुतवून. "हात नुसता हूक शे रे पोऱ्या, वढस ती पाठ. हाई बोटं पाठनी चिमटीमा धर." त्यातलं एक बोट कडबा कापताना निम्मं गेलेलं.

यात्रेच्या संध्याकाळी गाड्यांवर लाखभर तरी माणसं होती. बरं, दोनशे धरा. मी दंडांच्या घमेंडीत हिसका दिला. गाड्या ढिम्म.

"पहिलवान, चहा पी अन् मंग ये!" वरून कोणीतरी ओरडलं.

सगळे हसले, आणि एकदम आवाजच गेला. ढोलावर टिपरू पडताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. माझ्या पाठीवर मधोमध दोन गार बोटं टेकली. एक लांब, एक आखूड.

पाती आपोआप मागे सरकली. बोटं चिमटीत सापडली. बारा गाड्यांची चाकं करकरली.

देवळापाशी पोचल्यावर बगल्यांना विचारलं, "पाठीवर बोटं कोणाची होती?"

"आम्हीन तुनी कंबर धरेल व्हती भो. मांगे कोनीच नव्हतं."

घरी काकू पाठीला तेल लावायला बसल्या. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांचा हात मध्येच थांबला. मग त्यांनी सगळी पाठ चोळली. मधली दोन बोटांची जागा तेवढी कोरडी ठेवली.