हिसक्याचा दंड

चुळबुळ्या हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे, इमारतीने बहाल केलेलं. गडी खुर्चीत बसला तरी पाय हलतोच, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजतात. पोटापाण्याचं काम मात्र यंत्रांना शांत करण्याचं. लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. मोटरला कुठल्या क्षणी किती करंट द्यावा, याचं गणित मांडायचं. त्या गणितात हिसका बसला की दंड, वीज जास्त खाल्ली की दंड, उशीर झाला की दंड. सगळे मिळून कमीत कमी दंड पडेल तो करंट उत्तम. याला तो मोठ्या ऐटीत ‘इष्टतम नियंत्रण’ म्हणे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर त्याची आई एकदाही खाली उतरली नव्हती. जिना जमेना आणि लिफ्टचं नाव काढलं की, "त्या डब्यात जीव जातो माझा!" चुळबुळ्याला चैन पडेना. हिसक्याला घाबरते, हे त्याने परस्पर ठरवलं. इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडेच. हिसक्यावर जबर दंड ठोकला, उशिराला जवळजवळ माफी दिली आणि नवं गणित पॅनेलमध्ये भरलं.

लिफ्ट अशी चालू लागली, जणू गोगलगाय माहेरून निघालीय. सोसायटीचे सेक्रेटरी कडाडले, "अहो, वर पोचेपर्यंत पोरांची लग्नं होतील! संध्याकाळपर्यंत पहिल्यासारखी करा."

तो धावतच घरी गेला आणि आईला हाताला धरून लिफ्टमध्ये घेऊन आला. दार लागलं. आईने दांडा घट्ट धरला.

"अडकली का रे?"

"नाही गं, चाललीय."

"कुठे चाललीय? हलत तर नाही! उघड दार!"

तळमजल्यावर ती घामाघूम होऊन वॉचमनच्या खुर्चीत बसली. "आता मी वर जायची नाही."

"पण हिसका कुठे बसला?"

"हिसक्याला कोण घाबरतंय, मेल्या? दार लागल्यावर ती घटकाभर नुसती उभी राहायची, तिथे जीव जायचा. हिसका बसला की वाटायचं, सुटलो एकदाचे! मला विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. चुळबुळ्याने कान खाजवला, लॅपटॉप पॅनेलला जोडला आणि सेक्रेटरींच्या येरझाऱ्या चुकवत दंड बदलले. उशिराला जबर दंड. हिसक्याला थोडी सूट. मग रिकामी लिफ्ट वरखाली पळवून पाहिली.

"आई, एकदाच."

दार लागताच पायाखाली हलकासा धक्का बसला. आईची बोटं दांड्यावर सैल झाली.

"हां. निघाली."

वर दार उघडलं, पण आई बाहेर पडेना.

"परत खाली घे. जरा वारं खाते. आणि तो पाय हलवणं बंद कर. लिफ्ट हलली की तू, कळत नाही मला."