तोंडातला कापूस

माझ्या तोंडात बत्तीस दात होते आणि त्याचा मला लय गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. सत्तरी ओलांडली तरी मी ऊस दातानंच सोलून खायचो. सोड्याच्या बाटलीचं झाकण दातानं उडवायचो. बायको म्हणायची, आवं, एक दिवस जबडा निखळंल. मी म्हणायचो, तुझ्या भावाचा निखळंल. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. जबडा काही निखळला नाही.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत. वाटणी झाली तेव्हा वडिलांच्या घराच्या मधोमध ती घातली. पुढचा कट्टा तेवढा सामाईक ठेवला. आईचा लोखंडी खलबत्ता त्याच्याकडं गेला, तांब्याचं घंगाळ माझ्याकडं आलं. त्याचे दात पन्नाशीतच गेले. सांगलीहून कवळी करून आणली होती, पण टोचते म्हणून डब्यात घालून फळीवर ठेवून दिली. मग शेंगदाणे खलबत्त्यात, शिळी भाकरी खलबत्त्यात, आणि दुपारचा चहा झाला की पानही खलबत्त्यात. त्याचीही बायको गेलेली, लेक फलटणला दिलेली. माझा मुलगा पुण्याला. म्हणजे भिंतीच्या अलीकडं मी एकटा, पलीकडं तो एकटा, आणि मधे तो खलबत्ता. ठक, ठक, ठक. त्यावरून मला चार वाजल्याचं कळायचं.

आम्ही बोलत नव्हतो. चार वर्षं.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगायला बसलोय तर सांगतो. गावची जत्रा होती. पावणेरावळे आलेले, भावाचा नवा नातजावईही होता. मटणाची पंगत बसली. मी एक नळी उचलली आणि सगळे बघतायत म्हटल्यावर दाढेखाली धरून कडकन फोडली. भाऊ शेजारी बसून नुसता रस्सा ओरपत होता. मी वाढप्याला म्हटलं, "आमच्या दादाला हाडं नगं वाढू रं. आधी कुणीतरी चावून द्या, मग वाढा."

पंगत हसली. नातजावई तर ठसका लागेपर्यंत हसला. भाऊ हसला नाही. त्यानं ताटातच हात धुतला आणि उठून गेला. जत्रेच्या ताटावरनं उठला. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही.

बायको रोज म्हणायची, "जावा की, म्हणावं चुकलं. तोंड झिजतंय काय?" मी म्हणायचो, "चेष्टा केली. चेष्टा कळत न्हाई त्याला? तो मोठा हाय, त्यानं हाक मारावी." ती गेली त्या दिवशी भावानं पुढचा खांदा दिला. तिरडी बांधताना त्याच्या आणि माझ्या हातात एकच सुतळी होती. मी गाठ मारली, त्यानं टोक धरलं. बोलला नाही. मीही नाही. आता त्या दिवशी तरी कुणी अडवलं होतं मला?

यंदा ऊसतोड संपली आणि माझी दाढ ठणकायला लागली. डावीकडची, एकदम मागची. लवंग धरली, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या केल्या. दोन महिने भाकरी उजव्या बाजूनं चावली, मग चावणंही होईना, तेव्हा पाण्याबरोबर गिळली. शेवटी जबडा दोन बोटं उघडेना. पोराला फोनवर सांगितलं नाही. तो लगेच म्हणणार, पुण्याला या. पुण्याला मला चौथ्या मजल्यावर ठेवतात आणि सून विचारते, बाबा, टीव्ही लावू का?

एका मंगळवारी एकटाच एसटीत बसलो आणि सांगलीला गेलो.

डॉक्टरीणबाई लहान वयाची. फोटो काढून मला दाखवला. हाडात एक दाढ चक्क आडवी झोपलेली, दावणीच्या म्हशीगत.

"अक्कलदाढ आहे आजोबा. वरची पण किडलीय. दोन्ही काढाव्या लागतील."

"ह्या वयात अक्कलदाढ?"

"ती आधीपासूनच होती. तुम्ही त्रास दिला नाहीत, तिनं तुम्हाला दिला नाही." बाईनं माझं ब्लडप्रेशर बघितलं, साखर बघितली, कागदावर सही घेतली. मी सही करतो, अंगठा नाही. मग विचारलं, "सोबत कोण आहे?"

"भाऊ हाय," मी म्हटलं. "भायेर बसलाय."

का म्हटलं असं, ते मला अजून सांगता येत नाही. पोरगा म्हटलं असतं तर ते खपलं असतं. शेजारी म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण तोंडातून भाऊच निघालं.

सुई टोचल्यावर अर्धं तोंड माझं राहिलं नाही. ओठ आहे का गेला, कळेना. बाई म्हणाली, बधिर व्हायला थोडा वेळ लागेल, तोवर मी तुमच्या भावाला सगळं समजावून येते. मी हात वर केला, पण ती दाराबाहेर गेलीसुद्धा. खुर्चीत आडवा पडून मी ऐकत होतो.

"आजोबांचे भाऊ कोण आहेत?"

कुणी बोललं नाही.

"अहो, त्या फेटेवाल्या आजोबांच्या सोबत कोण आलंय?"

एक बाईमाणूस म्हणालं, "त्ये एकटंच आलं की वो. मगाधरनं मी हितंच हाय."

डॉक्टरीणबाई आत आली. मी डोळे मिटून घेतले. तिनं हातमोजे घातले आणि म्हणाली, "भाऊ चहाला गेलेत वाटतं आजोबा. येतील. आ करा."

पाऊण तास ती दाढेशी झुंजत होती. दुखत नव्हतं, पण आवाज सगळा डोक्यात येत होता. दगडातून पहार काढताना येतो तसा. शेवटी तिनं दोन्ही दाढा ताटलीत ठेवून दाखवल्या. खालची तुकड्यातुकड्यानं निघाली होती. मला वाटलं होतं मोठी असेल. बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

जबड्यात टाके घातले, वर कापसाचा बोळा ठेवला. "दाबून धरा. बोलायचं नाही. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखू तर बघायचीसुद्धा नाही. थंड आणि पातळ खायचं. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हळू गुळण्या." आणि मग, तोंड दुसरीकडं करून, "भाऊ येईपर्यंत बाहेर बाकावर बसा. एकटं सोडणार नाही मी."

दोन तास बसलो. दार काचेचं होतं. कुणी आलं की ते चर्रर्र वाजायचं आणि मी वर बघायचो. खोटं मीच बोललो होतो, कुणी येणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी दार वाजलं की मी वर बघायचो. शेजारी एक आई पोरीला घेऊन बसली होती, ती पोरगी माझ्या सुजलेल्या गालाकडं टक लावून बघत होती. शेवटी डॉक्टरीणबाईनं कापूस बदलला, गालाला बर्फाची पिशवी बांधून दिली आणि म्हणाली, "जावा आजोबा. घरी पोचेपर्यंत हा काढू नका."

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "बाबा, कुठं?" मी एसटीचं सवलतीचं कार्ड दाखवलं आणि हातानं पुढं, पुढं असं केलं. "आवं पुढं म्हंजे कुठं? गाडी मुंबईला न्हाई चालली." लोक हसले. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि खिडकीतनं गाव दिसल्यावर उठून उभा राहिलो.

आता खरी गोष्ट.

फाट्यावरनं चालत आलो तेव्हा भाऊ कट्ट्यावर बसला होता. गालाला बांधलेलं फडकं त्यानं बघितलं. मी कुलपाची किल्ली काढत होतो. आणि तो बोलला.

"काय रं, दाढ काढलीस व्हय?"

चार वर्षांनी. आवाज तोच, फक्त जरा घोगरा. माझ्या तोंडात कापूस होता, ओठ बधिर होता, बाईनं बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. हे सगळं खरं. पण मान तर माझी बधिर नव्हती. नुसती हलवली असती तरी चाललं असतं. हात वर केला असता तरी चाललं असतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता हा हसणार. पंगतीची परतफेड करणार. मी मान हलवली तर हा म्हणणार, आता तुला कोण चावून देणार रं?

मी कुलूप उघडलं, आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

बाहेरनं एवढंच ऐकू आलं, "बरं."

चार वाजता खलबत्ता वाजायला लागला. तोवर सुईचा अंमल उतरला होता. त्याचा खलबत्ता भिंतीला लागून फरशीवर असतो. एक ठोका पडला की भिंतीतनं, खाटेच्या पायातनं सरळ माझ्या जबड्यात. तीन ठोके झाले. चौथ्याला माझ्या तोंडातनं आवाज निघाला असावा, कारण मी उशीत तोंड खुपसलं होतं तरी मलाच तो ऐकू आला. मग खलबत्ता थांबला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गाल असा सुजला की आरशात मला माझे वडील दिसले, शेवटच्या आजारातले. तांदळाची पेज शिजवली, ती पहिल्यांदा करपली. दुसऱ्यांदा मीठ विसरलो. शेजारची जैनाची म्हातारी दिवस मावळायच्या आत एक वाटी मऊ भात दारात ठेवून जायची आणि मी दार उघडायच्या आधीच निघून जायची. तिला माझा स्वभाव माहीत. मी वाटी घासून तिच्या दारात ठेवायचो. पोराचा फोन आला. "आवाज असा का येतोय बाबा?" मी म्हटलं, "तंबाखू हाय तोंडात." त्याचा विश्वास बसला. एवढ्या सहज विश्वास बसला, ते जास्त लागलं.

ठणका असा काही नव्हता की माणसाला सोसवू नये. जे सोसवत नव्हतं ते चार वाजताचं. तीन वाजल्यापासून मी भिंतीकडं कान करून पडायचो. त्याचा खोकला ऐकू यायचा, बादलीचा आवाज यायचा. म्हणजे तो घरात होता. मग पान का कुटत नव्हता? दात नसलेल्या माणसाला पान सोडणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे; तेवढंच तर त्याला राहिलं होतं. मला वाटलं, त्यानं हाक मारली आणि मी दार लावलं, त्याचं जे काय उरलंसुरलं होतं तेही आता संपलं.

सहाव्या दिवशी सूज उतरली. भूक अशी लागली की आदल्या दिवशीची भाकरी घेतली आणि खायला बसलो. जबडा तीन बोटं उघडत होता, पण टाक्याला कोर लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. भाकरी हातात घेऊन बसून राहिलो. मग ती फडक्यात बांधली आणि बाहेर पडलो.

त्याचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. भिंतीजवळ खलबत्त्याची जागा मोकळी, फरशीवर नुसता गोल डाग. मागच्या बाजूनं बारीक आवाज येत होता. मी घराला वळसा घालून गोठ्यात गेलो. गोठ्यात जनावर नाही, बरीच वर्षं नाही. भाऊ गव्हाणीला टेकून बसला होता. त्यानं खाली चौघडी पोतं घातलं होतं, त्यावर खलबत्ता ठेवला होता आणि हळू, अगदी हळू पान कुटत होता. ठोका पडल्यासारखा वाटतच नव्हता.

"हितं का बसलाईस?" मी विचारलं. हे माझे पहिले शब्द.

त्यानं वर बघितलं नाही. "तिथं तुला लागत हुतं."

मी उभाच राहिलो. पाचोळ्याचा वास येत होता. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, "त्या दिवशी तोंडात कापूस हुता माझ्या. म्हणून बोललो न्हाई."

"व्हय?" त्याचा हात थांबला. "आन् त्याच्या आधी चार वरसं? तवाबी कापूसच हुता?"

बायको असती तर मागनं तिनं कोपर मारलं असतं. मी फडकं पुढं केलं.

"खलबत्ता पायजे जरा. भाकरी कुटायची हाय."

"तुला कशाला? तुझं तर बत्तीस हाईत."

"तीस राहिल्यात."

तो हसेल असं वाटलं. सहा दिवस मी त्याच हसण्याला भीत होतो. तो हसला नाही. त्यानं पान तळहातावर काढून घेतलं, धोतराच्या सोग्यानं खलबत्ता आतनं पुसला, दोनदा पुसला. मी उचलायला वाकलो तर त्यानं वरनं हात ठेवला.

"घरी न्यायचा न्हाई. हितं बस आन् कूट."

"चुकलं माझं, दादा," मी म्हटलं. टाक्यांमुळं शब्द नीट आला नाही.

"कूट म्हटलं न्हवं. बारीक कूट. जाड ऱ्हायली तर टाका तुटंल."

मी बसलो. मला कुटता येत नव्हतं. दांडा लोखंडाचा, जड, आणि कधी गरजच पडली नव्हती. तुकडे बाहेर उडायला लागले. त्यानं दोन्ही तळहातांचा आडोसा करून खलबत्त्याचं तोंड झाकलं आणि मी त्या हातांच्या मधनं कुटत राहिलो.