शिंगं पुरणारी सुमनआत्या

माझ्या सख्ख्या आत्याला गावाने चेटकीण ठरवलं होतं.

काल तिचा दहावा झाला. तीच माणसं माइक हातात घेऊन गहिवरली.

हे मी लिहिणारच. कुणाला राग येवो.

सुमनआत्याचं सासर विंचूरजवळ. गावाचं नाव टाकत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्यावर वाईनच्या द्राक्षांची बाग तिने एकटीने सांभाळली.

आधी तीही सगळ्यांसारख्याच फवारण्या करायची. एकदा तिचा नातू खेळता खेळता बागेत शिरला आणि ती किंचाळलीच, "बाहेर ये, आत्ताच औषध मारलंय!"

त्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, "ज्या बागेत आपलं लेकरू जाऊ शकत नाय, तिला बाग कशाला म्हणायचं गं?"

मग ती बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनांशिवायची शेती शिकली. ट्रेनिंगला गेली, नोट्स काढल्या, माझं डोकं खाल्लं. वेलींच्या ओळींमध्ये ताग पेरला. तणनाशक बंद.

आणि ती शिंगं.

गाईच्या शिंगात ताजं शेण भरायचं, दसऱ्याच्या सुमारास जमिनीत पुरायचं, थंडी सरली की काढायचं. आत काळंभोर खत झालेलं असतं. त्यातलं थोडं पाण्यात बराच वेळ ढवळून बागेत शिंपडायचं.

खरं सांगते, शिंगामागचं शास्त्र मला आजही पूर्ण पटलेलं नाही. पण बाग टवटवीत होती. माती हातात घेतली की भुसभुशीत लागायची. वायनरीवाले स्वतः येऊन माल न्यायचे.

गावाला मात्र एवढंच दिसलं, की एकटी विधवा बाई शेतात शिंगं पुरते.

त्यातच शेजारच्या मळ्यातली म्हैस मेली.

झालं. गावाच्या ग्रुपवर मेसेज फिरला. सुमनबाईने करणी केली.

त्या रविवारी मी तिच्याकडेच होते. सकाळी चहा घेत होतो आणि बांधावरून माणसं आली. हातात फावडी. पुढे तेव्हाचे सरपंच.

"सुमनबाई, काय पुरलंय ते दाखवा."

"खत हाय. या ना, दाखवते."

कुणी ऐकून घेतलं नाही. खड्डे उकरले, शिंगं दगडावर आपटून फोडली, ठिबकच्या नळ्या तुडवल्या. मग एकाने नवंच काढलं, "गाईची शिंगं आली कुठून?"

आत्या म्हणाली, "माझ्याच गोठ्यात म्हाताऱ्या होऊन मेल्या त्या. काही गोशाळेतून मागून आणलीत. चला, विचारू तिथं."

कुणी गेलं नाही. उत्तर नकोच होतं कुणाला. मी मोबाईल काढला तर सरपंच माझ्यावर खेकसले, "ताई, तुम्ही नाशिकच्या. गावच्या भानगडीत पडू नका."

मी पोलिसांना फोन केला. हवालदार आले आणि म्हणाले, "मावशी, कशाला असले उद्योग करता? मिटवून टाका."

एखाद्या बाईला चेटकीण म्हणणं हाच गुन्हा आहे, साहेब! हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी मान हलवली आणि गाडीला किक मारली.

आत्या रडली नाही. फुटक्या शिंगांतलं शेण तिने हाताने गोळा केलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या शिंगांत भरून पुन्हा पुरलं, भर दुपारी, सगळ्या गावासमोर.

पण त्यानंतर तिला लग्नाकार्याला कुणी बोलावलं नाही. शेवटपर्यंत. कुणाचं बाळ बघायला गेली की दार लोटून घ्यायचे. हे ती मला हसत सांगायची. ते हसणं मला सहन व्हायचं नाही.

काल दहाव्याला तेच माजी सरपंच उठले. "सुमनआक्कांनी आपल्या गावाला विषमुक्त शेतीचा मार्ग दाखवला..."

मी उभी राहिले. "काका, तुम्ही तिची शिंगं फोडली होती."



मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी, आज असं बोलू नये."

"मग आज खोटं बोलावं का?"

तेवढ्यात बायकांमधून शेजारच्या मळ्यातली काकू उठली. जिची म्हैस मेली होती ती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "म्हस आधीच आजारी व्हती. डाक्टर सांगून गेला व्हता, वाचायची नाय म्हणून. आमाला म्हाईत व्हतं."



म्हणजे माहीत होतं! घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि तरी तिला एवढी वर्षं एकटं पाडलंत.

हे एक वाक्य ती जिवंत असताना बोलायला काय झालं होतं?

काकू नंतर माझ्याजवळ येऊन रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. घेववलं नाही.

आत्या, माफी तुझ्यासमोर मागायला हवी होती. ती राहिलीच.

तुला माझा शेवटचा नमस्कार.