खिडकीकडच्या खाटेवरची तहान

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता बरं का. आमच्या केरी गावात ज्याला त्याला काहीतरी दिसायचं, मला मेलं कधी काही दिसलं नाही. म्हणून तर हे लिहिताना हात अडखळतोय...

एकाहत्तरची लढाई. गोव्यातल्या एका इस्पितळात जखमी जवानांसाठी वॉर्ड मोकळा केला होता, मलमपट्टी शिकलेल्या मुली हव्या होत्या. मी नाव दिलं. बाबा म्हणाले, "बोट कापला तर घेरी येता हिका, निघाली लढायेक!" आई नुसती रडली.

खिडकीकडच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक जवान होता, माझ्याच वयाचा. पोटात गोळी लागून ऑपरेशन झालेलं. वॉर्डच्या सिस्टर म्हापशाच्या, ख्रिस्ती, कडक बाई. मला त्याच्याजवळ बसवून म्हणाल्या, "बाय, एक थेंबूय उदक दिवंक जायना. पोटांत गेल्यार मरतलो." पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, ओठांवर नुसता ओला कापूस फिरवायचा, तोही घट्ट पिळून.

भर दुपार. तो सारखा विनवत होता, "ताई, घोटभर... पाया पडतो तुमच्या."

"संध्याकाळी डॉक्टर देतील हं," मी म्हटलं. खोटंच.

"तुम्हाला भाऊ नाय का वं?"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, पण दिलं नाही. त्याला जगवायचं होतं ना!

मग तो एकदम गप्प झाला. नजर माझ्या खांद्यावरून मागे. गळा हलला – एक घोट... आणखी एक. माझ्या हातात तर नुसता कापूस! "बास, आये," म्हणाला आणि हसला. मी वळून पाहिलं, मागे भिंत. पुन्हा पाहते तो... संपलेलं सगळं.

हनुवटी बांधायला सिस्टर आल्या आणि थबकल्या. जिभेवर तुळशीचं पान. हिरवंगार, ओलं.

"हें कोणें घाललें?"

आम्हा हिंदूंत जाणाऱ्याच्या तोंडात पाणी नि तुळस घालतात, हे त्यांना ठाऊक होतं. "देवाशपथ सिस्टर, मी जागची हललेसुद्धा नाही!"

त्यांनी माझ्या हातातला कापूस पिळून पाहिला. मग क्रुसाची खूण केली आणि पान तसंच राहू दिलं. नंतर मी सगळं आवार पालथं घातलं – तुळशीचं एक रोप सापडलं नाही.

त्याची आई होती की वारलेली, तेही मला माहीत नाही. कोण आलं, कुठून आलं... अजून कळलेलं नाही. तो तहानलेला गेला नाही, एवढं खरं. पण ते पाणी माझ्या हातचं नव्हतं.