जाग्यावरची सायकल

आमच्या आष्ट्यात कुणाला "कसं हाय?" विचारलं, तर "बरं हाय" याशिवाय दुसरं उत्तर मी जन्मात ऐकलेलं नाही. अंगात ताप असो, हाड मोडलेलं असो, नवरा-बायकोचं भांडण होऊन घरात चूल पेटलेली नसो, विचारणाऱ्याला सगळं बरंच असतं. त्यात दादा सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. साहेबानं विचारलं की "सब ठीक" म्हणायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "दम लागतो का?" विचारलं, तेव्हाही तो "ठीक है साहब" म्हणाला आणि एवढे तीन शब्द म्हणताना मध्ये श्वास घ्यायला थांबला.

फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. ती परत मऊ होत नाहीत. औषधानं दुखण्याचा वेग कमी होईल, आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून रोज थोडा हलका व्यायाम केला, तर आहे ती ताकद काही काळ टिकेल. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. "काही काळ" म्हणजे किती, हे मीच विचारायला हवं होतं. पण मी "टिकेल" एवढाच शब्द उचलला आणि घरी आले.

सायकल मला दादानंच शिकवलेली. वडिलांची उंच सायकल, आमच्या उसाकडे जाणारी गाडीवाट, आणि दांडीखालून पाय घालून पायडल मारणारी मी. तो मागं धरून पळायचा आणि धरलंय म्हणून सांगत केव्हाच सोडून द्यायचा. निवृत्त झाल्यावर दर हिवाळ्यात तो आपली सायकल घेऊन साताऱ्याला माझ्याकडे यायचा आणि आम्ही दोघं यवतेश्वरचा घाट चढायचो. पन्नाशी उलटलेली बहीण आणि साठीला आलेला भाऊ. तो आधी वर पोचायचा, कठड्यावर बसून शेंगा सोलत राहायचा, आणि मी धापा टाकत आले की न बघताच म्हणायचा, "आलीस व्हय." मला त्याचा भयंकर राग यायचा. तो राग पुन्हा एकदा यावा, तो घाट दादाबरोबर आणखी एकदा चढावा, एवढीच माझी इच्छा होती आणि मी तिच्या मागं हात धुऊन लागले.

घरात बसून सायकल चालवायचं यंत्र माझ्याकडे होतंच, तसंच एक दादाला घेतलं. सायकलचं मागचं चाक काढून ती त्यावर बसवायची, समोर टीव्ही. गावातले लोक बघायला येऊन गेले. सायकल हलत नाही आणि माणूस घामाघूम होतो, तेव्हा हा घाण्याचा बैलच झाला, असं शेजारच्या म्हाताऱ्यानं जाहीर केलं. त्या दिवसापासून तिचं नाव जाग्यावरची सायकल.

त्यात भानगड अशी, की अ‍ॅप एक नाही, दोन. एक अ‍ॅप म्हणजे मास्तर. तो एआयवर चालतो. आज पायांनी किती जोर लावला, छातीवर बांधलेल्या पट्ट्यानं मोजलेलं हृदय किती पळालं आणि शेवटी "कसं वाटलं?" या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे बघून उद्याचा धडा तोच ठरवतो. झेपलं तर वाढवतो, न झेपलं तर कमी करतो. दुसरं अ‍ॅप म्हणजे रस्ता. ते टीव्हीवर परदेशातले डोंगर आणि टुमदार गावं दाखवतं आणि धड्याप्रमाणे यंत्र आवळतं, सैल सोडतं. मास्तरचा धडा रस्त्याकडे गेला पाहिजे आणि रस्त्यावरचा निकाल मास्तरकडे परत आला पाहिजे. याला सिंक करणं म्हणतात, आणि ते करताना माझा घसा बसला.

मी साताऱ्यातून फोनवर, दादा आष्ट्यातून. तो सैन्यात सिग्नलला होता. पडद्यावर जे येईल ते वायरलेसवर सांगितल्यासारखं एकेक अक्षर वाचायचा आणि शेवटी "ओव्हर" म्हणायचा. परवानगी द्यायचं बटण दाब म्हटलं की आधी बटणाचा रंग, आकार, जागा सांगायचा. नेमकं जुळत आलं की वीज जायची. माझ्या नाकावर राग. मी इकडून ओरडायची आणि तिकडून वहिनीचं हसणं ऐकू यायचं. शेवटी एकदाचं जुळलं. दादाचा मास्तर मात्र मी माझ्याच फोनवर, माझ्या खात्याशेजारी ठेवला, कारण दादा तो उघडणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याचा निकाल माझ्याकडे यायचा, मी लगेच फोन करून कसं वाटलं विचारायची, तो "सोपं" म्हणायचा आणि मी इकडे सोपं दाबायची.

रविवारी आम्ही एकत्र जायचो. मी साताऱ्यात, तो आष्ट्याच्या घरी पुढच्या सोप्यात, आणि पडद्यावर मात्र शेजारी शेजारी, कुठल्याशा बर्फाच्या डोंगराखालच्या रस्त्यावर. त्याच्या नावाचा तो चित्रातला माणूस तरणाबांड होता, डोक्यावर टोपी. सुरुवातीला तो माझ्या मागं पडायचा. मग दोन महिन्यांत बरोबरीनं येऊ लागला. मास्तर त्याचे धडे वाढवत होता. आलेख तर असे सुंदर, की मी वर्गात फळ्यावर काढावेत: पायांचा जोर चढत चाललेला आणि हृदयाची रेघ मात्र शांत, फारशी हलतच नव्हती. मास्तरनं त्याचा अर्थ लावला की गडी जोरात सुधारतोय. मीही तोच लावला. फोनवर तो कमी बोलायचा, पण तो कधी जास्त बोलला होता? मी त्याला टक्के सांगायची, चढउतार समजावून द्यायची, आणि येत्या हिवाळ्यात घाट नक्की म्हणायची. तो म्हणायचा, "व्हय? बरं बरं."

इथं वहिनीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एक रीत आहे. धरलेलं व्रत अर्ध्यावर सोडायचं नाही. ज्याचं त्याला होईना झालं, तर घरातल्या दुसऱ्यानं ते पुरं करायचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा मंगळवार वहिनीनं धरला. स्वतःचा शनिवार होताच. कुणी सांगितलं नव्हतं. आई गेली तरी उद्यापन होईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मी तेव्हा तिला चिडवलं होतं, की असंच चालू राहिलं तर एक दिवस आमच्या साऱ्या घराण्याचा उपास तुझ्याच पोटी येईल.

दिवाळीनंतर मी न कळवता आष्ट्याला निघाले. पिशवीत दादासाठी थंडीचे हातमोजे होते, घाटासाठी. त्याला गाडीत घालूनच साताऱ्याला आणायचं ठरवलं होतं. एसटीतून उतरले, गल्लीत शिरले तेव्हाच जाग्यावरच्या सायकलची घरघर ऐकू आली आणि मला इतका आनंद झाला की मी झपाझप चालू लागले.

सोप्याचं दार उघडंच होतं. सायकलवर वहिनी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. दात-ओठ खात ती पायडल मारत होती. टीव्हीवर दादाच्या नावाचा तरणाबांड माणूस बर्फाचा चढ चढत होता. आणि दादा शेजारी खाटेवर उशांना टेकून पडलेला. नाकात ऑक्सिजनची नळी, सदऱ्याची बटणं उघडी, आणि छातीवर तो हृदय मोजायचा पट्टा. किती वाळला होता. फोनवर हे काही दिसलं नव्हतं.

माझ्या तोंडून पहिल्यांदा शिव्याच निघाल्या. काय चाललंय हे, असं मी वहिनीवर ओरडले. तिनं पाय थांबवले नाहीत. धडा संपायला थोडा वेळ होता, तो पुरा केला आणि मग उतरली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आवं वन्सं, ह्यास्नी चढल्या चढल्या धाप लागायली. मग अर्ध्यावर कसं सोडायचं? आत्यांचा मंगळवार मीच धरायचे न्हवं?"

मंगळवार देवाचा असतो आणि हे यंत्र आहे, असं मी म्हणाले. ते तुझ्या पायांना दादाचं काळीज जोडून हिशेब करतंय, म्हणून त्याला वाटतंय की हा माणूस बरा होतोय, असंही म्हणाले. माझा आवाज गल्लीत जात असणार. दादानं हात वर केला. तेवढ्यानंही त्याला दम लागला, आणि आम्ही दोघी ती धाप ओसरेपर्यंत थांबलो.

"तिला बोलू नगंस," तो म्हणाला. "मीच म्हनलो करू दे. तुजा फोन यायचा न्हवं, तवा तू लय खूश असायचीस गं."

मी खाली जमिनीवर बसले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात; या दोघांनी माझ्यासाठी ते कोंबडं किती महिने झाकून धरलं होतं. मी गणित शिकवते. पायांचा जोर वाढतो आणि काळीज जागचं हलत नाही, असा माणूस नसतो, हे कुठल्याही पोराला कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. मी रडत होते आणि वहिनी माझ्या शेजारी बसून गुडघे चोळत म्हणाली, "पर तुमच्या त्या मास्तराला सांगा कायतरी. रोज वाढवायलाय. माजं गुडघं ऐकंनात आता." मग आम्हाला हसू आलं. दादाही हसला, आणि ते हसणं खोकल्यात गेलं.

मी फोन काढून सगळं बंद करायला निघाले. दादानं करू दिलं नाही. रस्ता बघायला बरं वाटतं म्हणाला. खाटेवर पडल्या पडल्या रस्ता पुढं सरकतो, झाडं मागं जातात, आणि तेवढा वेळ छातीकडे ध्यान जात नाही. मग मी मास्तरला सांगितलं की माणूस आजारी आहे. त्यानं एका क्षणात धडे इतके हलके केले की वहिनी एका हातानं शेंगा निवडत चालवू शकेल. मी रजा काढून राहिले. वहिनी नाहीतर मी पायडल मारायची आणि तो बघायचा. छातीचा पट्टा तो सोडायला तयार नव्हता. एकदा मी चढावर मुद्दाम धापा टाकत वर पोचले आणि मागं वळून त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. पण ओठ हलले, "आलीस व्हय." मला राग आला नाही.

संक्रांतीच्या आधी तो गेला. घाट राहिला. हातमोजे पिशवीतच राहिले, ते मी आणले नाहीत आणि वहिनीनंही परत दिले नाहीत.

साताऱ्याला आल्यावर मी बरेच दिवस सायकलला हात लावला नाही. मास्तर दादाच्या नावानं संदेश पाठवत राहायचा, की धडे चुकले आहेत, काही हरकत नाही, तुमच्या सवडीप्रमाणे आखणी बदलली आहे. यंत्राला काय कळतंय म्हणून मी ते खोडून टाकायची आणि दिवसभर चिडचिड करायची. खातं बंद करायचं बटण माझ्याच हातात होतं. ते दाबवलं नाही.

मग एका रविवारी सकाळी मीच सायकलवर बसले. बर्फाच्या डोंगराखालचा तोच रस्ता लावला. थोडं पुढं गेले आणि पडद्यावर शेजारी दादाचं नाव आलं. टोपी घातलेला तोच तरणाबांड गडी, सावकाश पायडल मारत. माझं काळीज लकलकलं, आणि लगेच कळलं की आष्ट्याच्या सोप्यात काष्टा मारून कोण बसलंय. मी वेग कमी केला. आम्ही दोघी शेवटपर्यंत बरोबर गेलो. सायकल कशी सुरू करायची, कुठलं बटण कुठं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं; त्या सिंकच्या दिवसांत मागं उभी राहून हसता हसता तिनं ते सगळं ध्यानात ठेवलं होतं.

निकाल माझ्या फोनवर आला. पायांची रेघ होती. हृदयाच्या जागी काहीच नव्हतं, कोरं. पट्टा जोडलेला नाही, असं मास्तरनं लाल अक्षरांत बजावलं होतं.

मी फोन लावला. पट्टा तू बांधत जा, तुझ्याही तब्येतीवर लक्ष राहील, असं म्हणाले.  ती म्हणाली, पट्टा खुंटीला आहे, अजून धुतलेला नाही, आणि धुवायचाही नाही.

मास्तरचा प्रश्न पडद्यावर तसाच होता. त्याचं उत्तर भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून मी नेहमीसारखं विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं, सोपं म्हणेल किंवा बरं हाय म्हणेल.

"जड गेलं, वन्सं," वहिनी म्हणाली. "आज लय जड गेलं."

मी दादाच्या नावासमोर तेच दाबलं. मग माझं खातं उघडलं आणि माझ्याही नावासमोर तेच दाबलं. मास्तरनं थोडा वेळ घेतला आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी विश्रांती दिली.