आज विमान नाही

आमचं फुलांचं शेत अमरावतीच्या विमानतळाला लागून आहे. मध्ये फक्त तारेचं कुंपण आणि बाभळींची रांग. मुंबईहून रोज सकाळी एक लहान विमान यायला लागलं, तेव्हापासून शेतात कुणी घड्याळ बघेनासं झालं. विमान उतरलं की शेवंती तोडणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवत आणि आईला हाक मारत, "इमान आलं वं, चहा मांडा!" बाबा खोटं खोटं रागावत. मग तेही धोतराला हात पुसून चहाला येऊन बसत.

मी मुंबईत नोकरी करते. आईबाबांची एकुलती एक. त्या विमानानं महिन्या-दोन महिन्यांनी घरी जायचे. खरं सांगायचं तर विमान जुनंपुराणं होतं. उंच माणसाला मान वाकवून आत शिरावं लागे, आणि उडताना ते असं काही थरथरायचं की धामणगावचा एक कापूसवाला डोळे मिटून मारुतीचं नाव घ्यायचा. अचलपूरचे एक काका मुंबईला जाताना संत्र्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नसत. हवाईसुंदरी समजावून थकायची, आम्ही हसायचो. मला त्या विमानात बसलं की घरी पोचल्यासारखंच वाटायचं.

मग बातमी आली. ही लहान विमानं म्हातारी झालीत, त्यांचे सुटे भागही मिळत नाहीत, म्हणून कंपनी ती काढून टाकणार आणि त्यांच्या जागी मोठी आणणार. सगळ्यांत जास्त आनंद बाबांना झाला. अकोल्याला आमची आत्या राहते. तिला त्यांनी मुद्दाम फोन केला. "तुमच्या अकोल्यात तं लहानबी येत नाही, आमच्याइथं मोठं येऊन राहिलं!" आत्या म्हणाली, "मग काय, आता तूच चालवतं का ते?" बाबा दिवसभर हेच सगळ्यांना सांगत फिरले.

मोठं विमान पहिल्यांदा आलं त्या दिवशी बाबांनी पिवळ्या शेवंतीचा हातभर लांब हार गुंफून नेला. विमानाजवळ कोण जाऊ देणार! शेवटी त्यांनी तो कुंपणाच्या तारेला बांधला आणि हात जोडले. मला फोटो पाठवला. मीही तो ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.

हिशेब साधा होता, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. लहान विमान आमच्या गावच्या माणसांनी रोज भरायचं. मोठं भरायला दोन-तीन दिवसांची माणसं साठावी लागत. म्हणून ते आठवड्यातून तीनदाच येणार होतं. मी घरी सांगितलं, दोघांनी माना डोलावल्या. पण आईबाबांच्या मनातलं विमान रोजचंच राहिलं. शेतातल्या बाया तेवढ्या कुरकुरल्या, कारण आता चहाचा भरवसा राहिला नव्हता.

त्या हिवाळ्यात बाबांना दम लागायला लागला. मी रजा काढून गेले. अमरावतीत राजापेठेतल्या डॉक्टरांनी औषधं बदलली, थोडा उतार पडला. मी आणखी राहते म्हटलं, तर बाबाच मागे लागले. "कायले बसून राहिली इथं? नोकरी हाय तुही. फोन केला का न्याहारीले घरी येशील." मी निघाले. त्यांना बरं वाटत होतं, आणि मलाही ते पटलं.

नंतर एका पहाटे आईचा फोन आला.

"बाबा गेले वं पोरी. झोपेतच. सकाळच्या इमानानं ये."

"आज विमान नाही, आई."

"काहून नाही? रोजच तं येते."

नागपूरच्या विमानात जागा मिळाली तीही दुपारच्या. तिथून पुढे तीन तासांचा रस्ता. अकोल्याहून आत्या मोटारीनं सकाळीच पोचली. तिनं भावाचं तोंड पाहिलं.

नागपूरला उतरून मी टॅक्सीत बसते न बसते तोच आईचा पुन्हा फोन आला. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्याला उचलून स्मशानात नेईपर्यंत अख्ख्या गल्लीत चूल पेटत नाही. आई म्हणाली, "सकाळपासून कोणाच्या घरी चूल नाही. लहान लहान लेकरं हायेत. तुह्या बाबाले हे चाललं नसतं. मी उचलाले सांगून राहिली."

माझा तोल गेला. "मला एकच बाप होता आणि तुला शेजारच्या भाकरींची पडली? थांब ना तीन तास!" टॅक्सीवाल्यानं गाडीचा वेग कमी केला. आईच्या हातून चुलतभावानं फोन घेतला आणि व्हिडिओवर बाबांचं तोंड दाखवतो म्हणाला. मी नको म्हटलं. हातातल्या काचेवर मला ते पाहायचं नव्हतं. वाटेतलं तिवसा मागे पडलं तरी मी आईवरच चिडलेली होते. विमानावर चिडून करायचं काय, त्याला तर आम्हीच हात जोडले होते.

गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा दिवस मावळत होता. घराघरांतून फोडणीचा वास येत होता. त्या वासानंच मला कळलं, बाबांना नेलं होतं. आत्यानं येऊन हाताला धरून मला आत नेलं. घर धुतलेलं होतं. कोपऱ्यात दिवा लावला होता आणि आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीनं पिठलं-भाकर आणून ठेवली होती. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. मी ठरवलंच होतं, जिनं मला बाबा दाखवले नाहीत तिच्या हातचं खायचं नाही.

आईनं भाकर मोडली. "मले तरी त्याईले उचलू द्यावंसं वाटत होतं का?" ती म्हणाली. "खाय."

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी तोंड उघडलं, तिनं घास भरवला. मग मी विचारलं, "कसे दिसत होते?"

"झोपल्यावानी." ती दिव्याकडे पाहत म्हणाली. "दाढी तेवढी वाढली होती. तू येणार माहीत असतं तं करून घेतली असती त्याईनं."