साक्षीदारावरची ओली माती

त्या दुष्काळात मिरजगावच्या अलीकडे पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. मी, आई आणि आमच्या आळीतल्या सहा-सात बाया अशी आमची टोळी तिथं माती खणायची. मजुरी मापावर होती, जेवढा खड्डा तेवढे पैसे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायचा, म्हणजे जमीन मुळात किती उंच होती ते टेप लावणाऱ्याला कळतं. आमच्या कामावर त्या खुंटाला साक्षीदार म्हणत. काही शहाणे त्याच्या डोक्यावर माती थापून त्याला उंच करत, की खड्डा आपोआप खोल दिसे. आमच्या टोळीनं हे कधी केलं नाही. भोळेपणा म्हणा, नाहीतर माझा ताठा म्हणा.

आईला दमा होता. चार पाट्या टाकल्या की ती बांधाला टेकायची. तिच्या वाटणीचं आम्ही खणायचो, पण किती दिवस? बाया कुरकुरायला लागल्या होत्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, प्रत्येकीच्या घरी खाणारी तोंडं होती. सरकार म्हणे कुणी उपाशी मरू नये म्हणून काम काढतं. मग ज्याला कमी खणवतं त्याला भूकही कमी लागते, असं कुठल्या दीडशहाण्यानं ठरवलं होतं? अजून मला याचा राग येतो.

मी सातवी पास, म्हणजे आमच्या टोळीत कलेक्टरच. मी अर्ज लिहिला: म्हातारी, आजारी, पोटुशी किंवा लेकुरवाळी असेल त्या बाईला मापावर नको, हजेरीवर रोज द्यावा. मजकूर मामानं सांगितला. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ, त्या कामावरचा मुकादम. "लिही पोरी, भिऊ नगं. मी हाय ना," असं म्हणून बायांचे अंगठेही त्यानंच गोळा केले.

नगरहून मोठे साहेब येणार त्या दिवशी मामानं आम्हाला खड्ड्यात उतरूच दिलं नाही, झाडाखाली रांगेत उभं केलं. साहेबांनी अर्ज उभ्याउभ्या सगळा वाचला. धापा टाकणाऱ्या आईकडे पाहिलं आणि मापं घेणाऱ्या ओव्हरसियरला म्हणाले, "यात चूक काय आहे? वर पाठवू." मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडावं की काय ते कळेना.

ओव्हरसियर हसला. "साहेब, आधी यांचं काम तर बघा." तो थेट आमच्याच खड्ड्यात उतरला आणि साक्षीदाराला बुटाची ठोकर मारली. वरची वीतभर माती सुटून खाली पडली. आतून ती ओली होती.

ओली! प्यायला पाणी नव्हतं त्या वर्षी. कामावर एकच टिपाड, आणि त्याची राखण मामाकडे. सकाळी आईच मला म्हणाली होती, "येवढं पानी खड्ड्याकडं कशाला नेतोय ह्यो?" तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आता मी मामाकडे पाहिलं. तो मान खाली घालून मस्टर चाळत होता. हजेरीवर रोज सुरू झाला तर ओव्हरसियरचं मापातलं खाणं बुडणार होतं, आणि त्याच्याच मर्जीनं मिळालेली मुकादमी मामाला टिकवायची होती.

"ही माती आमची न्हाई!" मी ओरडले. "पानी कुनापाशी असतंय ते इचारा, साहेब. माज्या आईनं बघितलंय."

साहेब आईकडे वळले. "बाई, कुणी लावली माती?"

आईनं पदर पुढं ओढला. "म्या लावली, साहेब. माज्या वाटचं पानी घालून लावली. पोरीला म्हाईत न्हाई."

साहेबांनी अर्जाची घडी केली आणि तो माझ्या हातात परत दिला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर मी आईला काय काय बोलले ते लिहवत नाही. ती चालत होती, दम लागला की थांबत होती. शेवटी म्हणाली, "त्याला धरून दिला, तर म्या म्हायेराला कुटं जायचं गं?" माहेर! ज्यानं तिचाच घास काढला ते माहेर. मामानं दगा दिला याचं मला फार नवल वाटलं नाही, साहेबापुढं भलेभले वाकतात. पण जिच्यासाठी भांडले तिनंच मला उघड्यावर पाडलं. ती गेली, तरी हे मी तिला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मामा म्हणाला, "अक्का, तू आता घरी बस. साहेबाचा हुकूम हाय." मस्टरातलं नाव त्यानं आधीच खोडलं होतं. आई काखेत पाटी धरून उभी होती. "बरं बाबा," म्हणाली, आणि तिथंच थांबून राहिली.

मग त्यानं माझं नाव पुकारलं. सगळ्यांसमोर त्याची अब्रू काढायची असं ठरवूनच मी आले होते. बाया माझ्याकडे बघत होत्या. आईही बघत होती.

"हजर," मी म्हणाले.